जॅकच्या गाईचे मागचे दोन पाय

पँटोमाइम म्हटलं की आपल्याकडे तोंडाला पांढरा रंग फासलेला, एक शब्द न बोलणारा नट डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमधल्या पँटोत कुणीच गप्प नसतं. रंगमंचावरचे नाहीत आणि खुर्च्यांवर बसलेले तर मुळीच नाहीत. नाताळच्या सुमारास सिंड्रेला, अलादीन, डिक व्हिटिंग्टन किंवा जॅक आणि त्याचा घेवड्याचा वेल अशी एखादी सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घ्यायची, तिच्यात गाणी, नाच, धांदल आणि गावातल्या गावात कळणाऱ्या कोपरखळ्या घालायच्या, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्या घराने एका रांगेत बसून ती बघायची. इथल्या बऱ्याच मुलांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं नाटक हेच असतं. शहरांतल्या मोठ्या थिएटरांत टीव्हीवरचे चेहरे घेऊन ते आठवडेच्या आठवडे चालतं. गावोगावच्या हॉलमध्ये तेच काम हौशी मंडळी करतात. पुष्कळ ठिकाणी ते जानेवारीत होतं, कारण डिसेंबरभर हॉल शाळेच्या येशूजन्माच्या नाटकांनी आणि नाताळच्या जेवणावळींनी अडवलेला असतो.

मी मूळची कुडाळजवळची. यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावात राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या पँटोत मी काम केलं. नाटक होतं ‘जॅक अँड द बीनस्टॉक’ आणि मी होते गाय. गाईला माणसं दोन लागतात. पुढचे पाय आणि डोकं एकाचं, मागचे पाय आणि शेपूट दुसऱ्याचं. शेपटीची बाजू माझी होती.

सुरुवात लेकीपासून झाली. तिला कोरसमध्ये नाचायचं होतं. इथे शाळकरी वयाचं मूल रंगमंचावर उभं करायचं तर १९६३ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक कौन्सिलकडे जावं लागतं. बिनमोबदला काम करणाऱ्या मंडळींना कौन्सिल सगळ्या मुलांसाठी एकत्र मंजुरी देऊ शकतं, पण त्याबरोबर अटी येतात. मुलांवर लक्ष ठेवायला कौन्सिलने मान्य केलेली माणसं हवीत, एका माणसाकडे जास्तीत जास्त १२ मुलं, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कोण किती वाजता आलं आणि कुणाच्या हाती परत गेलं त्याची नोंद. मुलांचे दोन गट केले होते, लाल आणि निळा, म्हणजे रोज रात्री तीच मुलं जागायला नकोत. हे सगळं इतक्या निगुतीने चाललेलं बघून मीही मदतीला नाव दिलं. कपड्यांना बटणं लावीन, चहा करीन, असं मनात होतं. निवडीच्या संध्याकाळी दिग्दर्शिका बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “कंबर दुखते का तुझी?” नाही म्हटलं. “मग वाकून बघ जरा.”

पहिलं वाचन सप्टेंबरात झालं. हॉलमध्ये खुर्च्यांचं कडं, मध्ये कागदांचा गठ्ठा, कोपऱ्यात चहाची मोठी किटली. संहिता एका एजन्सीकडून रीतसर विकत घेतलेली होती, आणि प्रत्येक प्रयोगामागे मानधन वेगळं द्यायचं होतं. वाचायला लागलो आणि मी चक्रावलेच. पानोपानी कंसात प्रेक्षकांची वाक्यं होती. डेम, म्हणजे नाटकातली जॅकची आई, म्हणते, कुठे गेला तो? प्रेक्षक: तुझ्या मागे! डेम म्हणते, कुठे, दिसत नाही. प्रेक्षक: तुझ्या मागे! खलनायिका म्हणते, हे राज्य माझंच आहे. प्रेक्षक: नाही, नाही! खलनायिका: आहे, आहे! नाटककाराने दोनशे अनोळखी माणसांच्या तोंडची वाक्यं आधीच लिहून ठेवली होती, आणि ती माणसं ती न चुकता बोलणार ह्याबद्दल तिथे बसलेल्या एकाच्याही मनात शंका नव्हती. तालमीत ही सगळी वाक्यं प्रॉम्प्टर बाई एकट्याच म्हणायच्या. स्वेटर विणता विणता, एका सुरात: “तुझ्या मागे. तुझ्या मागे. नाही नाही.”

मी ज्या नाटकावर वाढले त्याला संहिताच नसते. आमच्याकडे जत्रेच्या रात्री पालखी फिरली की देवळासमोर दशावतार उभा राहतो. एक बाक हेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. आख्यान कुठलं हे नट आपसांत ठरवतात आणि पुढचं सगळं त्या रात्री, त्या माणसांसमोर, तोंडातून येतं. पायपेटी आणि पखवाज त्यांच्या मागे मागे जातात. तिथे लिहिलेलं काहीच नसतं. इथे प्रेक्षकाचं ओरडणंसुद्धा लिहिलेलं. पहिले काही आठवडे मला वाटत राहिलं की ह्या लोकांनी जिवंत गोष्ट बांधून टाकली आहे. ते मत बदलायला जानेवारी उजाडावा लागला.

गाईकडे येते. कातडं मंडळींच्या मालकीचं होतं, बरंच जुनं, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. डोकं वेताच्या सांगाड्यावर फोम चढवून केलेलं. पुढच्या माणसाच्या हातात दोन दोऱ्या, एकीने पापण्या मिटायच्या, दुसरीने खालचा जबडा हलायचा. मागच्याने कमरेत काटकोनात वाकायचं, पुढच्याच्या कमरपट्ट्याला डाव्या हाताने धरायचं आणि उजव्या हाताने शेपटीची दोरी सांभाळायची. दिसत काहीच नाही. खाली बघितलं तर आपली पावलं आणि पुढे दुसऱ्याची पोटरी, एवढंच जग. आतली हवा दोन मिनिटांत गरम होते. माझ्या पुढे बारावीच्या वयाचा एक मुलगा होता, उंच, किडकिडीत, फार मनापासून काम करणारा. इथल्या रीतीप्रमाणे तो मला नावानेच हाक मारायचा आणि तालीम संपली की न विसरता विचारायचा, पाठ ठीक आहे ना.

आम्हाला दोघांना आधी सांगितलं होतं की पाय बरोबर टाका. त्याचा डावा, माझा डावा. त्याचा उजवा, माझा उजवा. केलं तसं. मोबाइलवर चित्रीकरण करून बघितलं तर गाय कुठेच नव्हती, चादर पांघरून दोन माणसं कवायत करत होती. त्या रात्री घरी येऊन मी आमच्या गोठ्यातली गाय आठवत बसले. पाण्यावर जाताना ती कशी चालायची? मग यूट्यूबवर गाईंचे व्हिडिओ हळू करून पाहिले. गाय चालते तेव्हा आधी मागचा डावा पाय पडतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. म्हणजे चाल मागून सुरू होते. मागचा खूर जवळजवळ तिथे पडतो जिथून पुढचा नुकताच उचललेला असतो.

दुसऱ्या तालमीत मी हे मुलाला सांगितलं. म्हटलं, तू मला नेऊ नकोस, मी तुला नेते. माझा पाय टेकला की मी तुझा पट्टा त्या बाजूने किंचित दाबीन, मग तू टाक. आधी अडखळलो, एकमेकांच्या टाचा तुडवल्या. मग कधीतरी अचानक ते जमलं, आणि भिंतीशी बसून कपड्यांना टाके घालणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. पाठीच्या कातड्याला मधोमध एक झोल आला होता, चालताना गाईच्या पाठीला असतो तसा. शेपटी मात्र मी बराच वेळ फार हलवत होते. दिग्दर्शिका म्हणाली, “माश्या असतील तेव्हाच.” त्यानंतर शेपटी फक्त खलनायिका बोलत असतानाच हलली.

खलनायिका गावातल्या प्राथमिक शाळेत उपमुख्याध्यापिका आहेत. त्यांच्याच शाळेतली मुलं रोज रात्री त्यांना जीव खाऊन हुर्यो करणार होती आणि त्या त्याची आतुरतेने वाट बघत होत्या. दुष्टांनी रंगमंचाच्या डाव्या बाजूने यायचं, चांगल्या परीने उजव्या बाजूने, ही रीत कुणी मोडत नाही. मध्ययुगातल्या धर्मनाटकांत स्वर्ग उजवीकडे आणि नरक डावीकडे असायचा, तिथून ती आली असं सांगतात. परी आणि खलनायिका यमकात बोलतात, बाकीचे साध्या भाषेत. आणखी एक रीत: शेवटच्या प्रवेशातल्या शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी उच्चारायच्या नाहीत. तालमीत त्या जागी सगळे हाताने हवेत ताल धरायचे आणि थांबायचे. शेवटपर्यंत बोललेलं नाटक पूर्ण झालं, आणि प्रेक्षकांशिवाय ते पूर्ण करायचं नसतं. तेव्हा मला ही नुसती अंधश्रद्धा वाटली होती.

डेम म्हणजे जॅकची आई. हे काम पुरुषाने करायचं असतं. आमचा डेम आयुष्यभर गावात टपाल वाटून निवृत्त झालेला गृहस्थ, त्यामुळे समोर बसणाऱ्या प्रत्येकाचं घर त्याला ठाऊक. चहाच्या वेळी तो पँटोचा इतिहास सांगायचा आणि तो सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. १७१७ च्या सुमारास लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्सला जॉन रिच नावाचा नट आणि व्यवस्थापक हार्लेक्विन, म्हणजे मुखवट्यातला खोडकर नोकर, करायचा, अगदी मूक. हातातली लाकडी फळी त्याने देखाव्यावर आपटली की घराचं जंगल व्हायचं. १८०६ च्या नाताळात कॉव्हेंट गार्डनला जोसेफ ग्रिमाल्डीने ‘मदर गूस’मध्ये विदूषक असा रंगवला की पुढे हार्लेक्विन मागे पडला आणि विदूषक पुढे आला. तोवर संवादी नाटक करायचा हक्क मोजक्याच राजमान्य थिएटरांना होता. १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी गेली आणि शब्दांचे खेळ, कोट्या, यमकं ह्यांचा पूर सगळीकडे लोटला. मग १८८८ पासून ड्रूरी लेनला डॅन लेनो. हातावर पोट असलेली, बोलघेवडी, सतत कसल्या तरी विवंचनेतली बाई त्याने उभी केली. आजचा प्रत्येक डेम त्याचं देणं लागतो, असं आमचा डेम म्हणायचा आणि मेकअपच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला लेनोचा फोटो दाखवायचा.

पुरुषाने बाईचं काम करणं मराठी माणसाला नवं नाही. बालगंधर्वांचं नेसणं बघून घरोघरच्या बायका तसं नेसायला लागल्या, हे आमच्या आजीच्या पिढीत सगळ्यांनाच माहीत होतं. दशावतारातल्या स्त्रीपार्टी नटाला तर जत्रेतल्या बायका साडीचा रंग विचारायच्या. डेमचा मार्ग अगदी उलटा. गालांवर दोन लाल गोळे, आवाज पुरुषीच, झग्याखाली जाड बूट, आणि दर प्रवेशाला नवा, आधीच्याहून अचाट झगा. ही बाई आहे असं प्रेक्षकांनी एक क्षणही मानता कामा नये. आणि तरी गाय विकायची वेळ येते तेव्हा ती आई वाटली पाहिजे. हे किती अवघड आहे ते त्याला रोज जवळून ऐकून मला कळलं. जॅक करणारी मात्र तरुण मुलगी होती, लांब बूट, मांडीवर थाप मारून बोलणारी. नायक मुलीने करायचा हीही जुनी चाल. हल्ली पुष्कळ ठिकाणी मुलगेच करतात, आमच्या मंडळींनी ती धरून ठेवली आहे.

गाय विकण्याचा प्रवेश संहितेत जेमतेम पाऊण पान आहे. घरात पैसा नाही, भाडं थकलंय, आई म्हणते डेझीला बाजारात ने. जॅक तिला घेऊन निघतो. वाटेत परी भेटते, घेवड्याच्या बिया देते, गाय जाते. तालमीत आम्ही तो भरभर करायचो, कारण त्याच्या आधी लोणी घुसळण्याचा फेसाचा गोंधळ आणि नंतर वेल उगवण्याची जादू. सगळ्यांचं लक्ष त्या दोन मोठ्या प्रवेशांवर. दिग्दर्शिका बाईंनी एवढंच सांगितलं होतं की जाताना गाईने एकदा वळून बघावं.

फेसाबद्दल दोन शब्द, कारण त्यामागे खरी विद्या आहे. दाढीच्या डब्यातला तयार फेस दिव्यांखाली लगेच बसतो आणि डोळ्यांत गेला तर झोंबतो. जुने लोक दाढीच्या साबणाच्या वड्या किसून, कोमट पाण्यात भिजवून, फेटून घेतात. तो फेस घट्ट राहतो, फेकला की चिकटतो आणि धुतला की निघतो. जमिनीवर ताडपत्री, आणि प्रवेश संपला की पुढचा पडदा पडतो. त्या पडद्यापुढच्या अरुंद पट्टीत दोन पात्रं काहीतरी बोलत उभी राहतात आणि मागे चारजण गुडघ्यांवर बसून पुसत असतात. संहितेत असे पडद्यापुढचे प्रवेश इतके का आहेत हे मला तेव्हा उमगलं. शेवटाकडचं सामूहिक गाणंसुद्धा तसंच. शब्द लिहिलेलं कापड वरून सोडतात, हॉलचे दोन भाग करून कोण मोठ्याने गातं अशी चढाओढ लावतात, आणि तेवढ्या वेळात बाकी सगळे अखेरच्या मिरवणुकीचे झगझगीत कपडे चढवतात. वेल म्हणजे तारांनी फुगवलेली हिरव्या कापडाची लांब नळी. छतातल्या कप्पीवरून दोरी, विंगेत ती ओढायला एक नर्सबाई आणि एक इलेक्ट्रिशियन. खालून धूर, हिरवा प्रकाश. हॉलचं छत बुटकं, म्हणून जॅक थोडीशी चढली की अंधार करायचा.

मग जानेवारी आला. नाताळच्या सुट्टीनंतर दिव्यांची तालीम, रंगीत तालीम, आणि पहिला प्रयोग. दार उघडण्याआधीच बाहेर रांग. पालकांच्या हातात चॉकलेटची पाकिटं, मुलांच्या हातात लुकलुकणाऱ्या कांड्या. आम्ही दोघे विंगेत, तो डोकं काखेत घेऊन, मी कमरेपर्यंत कातड्यात.

आम्ही आत शिरलो आणि आवाज आला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण मी नेहमी त्या आवाजाच्या बाजूला बसलेली असायचे. कातड्यातून तो कानाला लागत नाही, पाठीला लागतो. गाय चालायला लागली, मध्ये झोल आला आणि शे-दीडशे मुलं एकदम “आऽऽ” करून वितळली. मुलाने पापण्या फडकवल्या. हशा. मी शेपटी वर केली. मोठा हशा. आम्ही काही केलं की उत्तर येत होतं, आणि त्या उत्तराची लांबी आम्ही कधी मोजली नव्हती. डेम थांबत होता. तालमीत तो जिथे एक श्वास थांबायचा तिथे आता तीन श्वास थांबत होता, आणि नेमका आवाज उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकत होता. संपल्यावर टाकलं तर हॉल थंड पडतो आणि आधी टाकलं तर वाक्य बुडतं. भुतांच्या प्रवेशात बाकावर बसून गाणारी माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि मुलं “तुझ्या मागे!” म्हणून किंचाळतात. तिथे मी विंगेतून बघितलं की डेम मुद्दाम उलट्या बाजूने वळतो, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा वळायच्या आधी समोरच्या एका छोट्या मुलाकडे बघून नुसता खांदे उडवतो. त्या मुलाला खुर्चीत बसवेना.

आणि मग गाय विकायचा प्रवेश. डेमने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “डेझीला बाजारात ने, जॅक.” नेहमीसारखंच. आम्ही वळलो. मुलाने ठरल्याप्रमाणे डोकं मागे फिरवलं आणि पापण्या हळू मिटल्या. हॉल एकदम शांत झाला. मला आत काही दिसत नव्हतं. पुढच्या रांगांतून कुठूनतरी एक लहान आवाज आला, “नको विकू तिला!” मग दुसरा. मग पुष्कळ. कुणीतरी म्हणालं, “माझ्याकडे पैसे आहेत.”

संहितेत त्या जागी प्रेक्षकांची एक ओळही नव्हती.

डेमने ताबडतोब पुढचं वाक्य घेतलं नाही. तो पुढे गेला, जड बुटांचा आवाज मी ऐकला, आणि अगदी साध्या, स्वतःच्या आवाजात त्या मुलाला म्हणाला, “तुझ्याकडे किती आहेत, राजा?” मूल म्हणालं, “एक पौंड.” डेम म्हणाला, “ते तुझ्याचजवळ ठेव. तुझ्या आईला लागतील.” मग माझ्याकडे परत आला, पाठीवर पुन्हा हात ठेवला आणि ठरलेलं वाक्य बोलला. माझा मागचा डावा पाय कितीतरी वेळ उचललाच जाईना. उचलल्यावर मी पट्टा दाबला, आणि पुढच्याने पाय टाकला.

त्या रात्री मला ते लिहिलेल्या ओरडण्याचं कोडं सुटलं. “तुझ्या मागे”, “नाही नाही”, हुर्यो, ही सगळी ओळखीची वाक्यं मुलांना तोंड उघडण्याची परवानगी देतात. पहिल्या अर्ध्या तासात ती शिकतात की इथे बोललं तर चालतं, इथे आपलं ऐकलं जातं. एकदा ते पटलं की मग ती आपलं बोलतात, आणि नटाची खरी परीक्षा तिथे असते. आमच्या दशावतारातला नट रोज रात्री जे करतो तेच त्या क्षणी त्या टपालवाल्याने केलं. दोन वाटा, पण दोन्ही देवळाच्या त्याच अंगणात जातात. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिका बाईंनी पाऊण पानाच्या त्या प्रवेशाला पुरेसा वेळ दिला, दिवे थोडे उतरवले आणि डेमला एवढंच म्हटलं, “तिथे काही ठरवू नकोस.” पुढच्या प्रत्येक प्रयोगात मुलं तिथे काहीतरी बोलली, दर वेळी निराळं.

शनिवारी सकाळी एक वेगळा प्रयोग ठेवला होता. ऑटिझम असलेली मुलं, मोठ्या आवाजाने बावरणारी मुलं, अशांसाठी. इथे ह्याला ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग म्हणतात आणि मोठी थिएटरंही आता असे प्रयोग ठेवतात. हॉलमधले दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी, धडामधुडुम काही नाही, दारं उघडी. मुलांनी उठावं, फिरावं, बाहेर जाऊन परत यावं. घरी आधीच चित्रांसह गोष्ट पाठवलेली असते, म्हणजे पुढे काय होणार ते कळलेलं असतं. पडदा उघडण्याआधी सगळी पात्रं पुढे येऊन आपण खरे कोण ते सांगतात. खलनायिकेने सांगितलं की मी शिक्षिका आहे आणि मी रागावले तरी ते खोटं असेल. आम्ही दोघांनी मुलांसमोर डोकं काढलं, कातडं उलगडलं, आत कसं वाकतो ते दाखवलं. एका मुलीने पापण्यांची दोरी पुन्हापुन्हा ओढून पाहिली. एका मुलाने माझा हात हातात घेऊन विचारलं, “तू शेपूट आहेस?” हो म्हटलं.

मला धाकधूक होती की आता गाय गाय राहणार नाही. तास-पाऊण तासाने तीच मुलं, आम्हाला आतून पाहिलेली, डेझीला विकू नका म्हणून पुढे आली. एकजण थेट रंगमंचाच्या कडेपर्यंत आला आणि माझी शेपूट धरून उभा राहिला. त्याची आई उठायला लागली, डेमने तिला हातानेच बस म्हटलं. आम्ही तिघे तसेच थांबलो, त्याला सोडावंसं वाटेपर्यंत. लहानपणी आम्ही मुलं देवळामागे जाऊन नटांना तोंड रंगवताना, बिडी ओढताना बघायचो. त्यातला कोण संकासुर, म्हणजे दशावतारातला राक्षस, होणार हेही माहीत असायचं. आणि तासाभराने तोच काळा, लाल जिभेचा संकासुर अंगणात आला की आईच्या पदराखाली शिरायचो. नाटक फसवून होत नाही. ह्या मुलांनी ते मला डोळ्यांसमोर दाखवलं.

शेवटच्या रात्री मिरवणूक झाली. कोरसपासून सुरुवात करून एकेक पात्र नमस्कार करत खाली येतं. गाईचा नंबर आला तेव्हा मुलांनी जॅकपेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या असं माझी लेक अजून सांगते. अखेरच्या दोन ओळी म्हटल्या गेल्या. प्रेक्षक बाहेर पडायच्या आत स्क्रू काढायची यंत्रं सुरू झाली होती, कारण सोमवारी सकाळी त्याच हॉलमध्ये बालवाडी भरते. राजवाड्याच्या पाट्या सुट्या झाल्या, वेल गुंडाळला गेला, दिवे उतरले. नर्सबाई आणि इलेक्ट्रिशियन शिडीवर, उपमुख्याध्यापिका झाडू घेऊन. तिकिटं, आइस्क्रीम आणि लॉटरीचे पैसे मोजून त्यातून हॉलचं भाडं, संहितेचं मानधन आणि पुढच्या वर्षाची तयारी बाजूला काढली, उरलं ते गावातल्या एका मदतकार्याला दिलं. हौशी मंडळींची १८९९ पासून चालत आलेली देशव्यापी संघटना आहे, नोडा. तिचे प्रतिनिधी एका रात्री येऊन बघून गेले होते, त्यांचं टिपण नंतर आलं. त्यात गाईच्या चालीवर एक पूर्ण परिच्छेद आहे. तो मी मुलाच्या आईला छापून दिला.

तो मुलगा आता शिकायला दुसऱ्या शहरात गेला आहे. यंदा आमच्याकडे सिंड्रेला आहे, म्हणजे बग्गीला घोडे लागणार आणि पुढच्या पायांना नवा माणूस. इंग्लंडात लहान गावांत राहणारी मराठी घरं हे वाचत असतील तर त्यांना सांगावंसं वाटतं. पँटोला फक्त गोऱ्या शेजाऱ्यांनी दिलेल्या तिकिटावर जाऊ नका. मंडळींना गाणारे हवे असतात, पण त्याहून जास्त शिवणारे, रंगवणारे, दोरी ओढणारे, मुलांवर लक्ष ठेवणारे हवे असतात, आणि उच्चार कसा आहे हे कुणी विचारत नाही. मुलं असतील तर कौन्सिलच्या कागदांना वेळ लागतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीतच चौकशी करा. वाचनाची तारीख गावच्या हॉलच्या फळ्यावर लागते, आमच्याकडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.